मशिदीतले निळे झुंबर

गेल्या रमजानच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे काम निघाले. नवे छत आले, छतात एलईडीचे गोल दिवे बसले आणि जुन्या लाकडी तुळयांच्या कड्यांना पिढ्यान्‌पिढ्या लटकत असलेले काचेचे सामान खाली उतरले. सहा हंड्या आणि मधोमध एक झुंबर. हंड्यांत कुणीतरी मागे बल्ब बसवले होते; झुंबरात मला आठवते तेव्हापासून काहीच लागत नव्हते. पण ते होते. लहानपणी तरावीहमध्ये पाय दुखायला लागले की मी सलाम फेरल्यावर हळूच वर बघायचो. पंख्याच्या वाऱ्याने लोलक एकमेकांना लागून किणकिणायचे. मधल्या दांडीत एक निळ्या काचेचा गोळा होता, दौतीतल्या शाईसारखा निळा.

कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. काम करणारी पोरे मेहनती आहेत. उन्हातान्हात दारोदार फिरून चंदा त्यांनीच गोळा केला. जुन्या सामानाचा एक व्यापारी बाहेरगावाहून आला, त्याने पितळ किलोच्या भावाने घेतले, काचेचे वेगळे काही दिले नाही. मी शाळेतून परत आलो तोवर त्याची गाडी निघून गेली होती. वऱ्हांड्यात झाडून कोपऱ्यात लोटलेल्या कचऱ्यात मला तीन लोलक सापडले. ते धुऊन खिशात टाकले आणि घरी आलो.

झुंबराचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, कुठल्याशा निकाहाच्या वेळी काढलेला. तो मी माझ्या बी.एड.च्या एका वर्गमित्राला पाठवला. तो आता मुंबईत असतो आणि त्याला जुन्या वस्तूंचा नाद आहे. अर्ध्या तासात उत्तर आले : ‘हे तर रशियन दिसते. अठराव्या शतकातले. कितीला दिले?’ भाव सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

इशाच्या नमाजनंतर मी हे बुजुर्गांना सांगितले, तर ते हसले. ‘रशियन कुठले मास्तर? निजामसरकारने दिलेले झुंबर आहे ते.’

म्हणजे एका झुंबराचे दोन वारस उभे राहिले. एक पीटर्सबर्गची राणी, दुसरा हैदराबादचा निजाम. मग मी वाचायला बसलो.

निजामाची गोष्ट आमच्याकडे उगाच आलेली नाही. चंद्रपूर, म्हणजे तेव्हाचा चांदा, नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर 1854 मध्ये इंग्रजांकडे गेला. पण वर्धा नदी ओलांडली की राजुरा, आणि राजुरा होते हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. 1956 मध्ये तो तालुका नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये आमच्याकडे आला. माझी नानी त्या काठची. तिच्या तोंडी हैदराबाद म्हणजे ‘शहर’. बाकी सगळी गावे. तिने ऐकलेल्या गोष्टींत चौमहल्ला पॅलेस होता, दरबार होता आणि ‘झाड-फानूस’ होते. आम्हाला वाटायचे खरेच झाड असेल, ज्याला दिवे लागतात. तसे ते चुकीचेही नव्हते. फांद्या असलेल्या मोठ्या झुंबराला उर्दूत झाडच म्हणतात.

शब्द शिकवणे हा माझा धंदा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. उजेडाच्या बाबतीत मराठी आणि उर्दूचा संसार इतका एकत्र आहे की वाटणी करायला बसलो तर भांडण होईल. कंदील अरबी. आणि अरबीत तो लॅटिन-ग्रीकमधून आला, जिथून इंग्रजांची ‘कँडल’ही निघाली. दिवाळीत दारावर लागणारा आकाशकंदील म्हणजे अर्धा संस्कृत, अर्धा अरबी. मशाल अरबी. जुन्या मराठीतला फाणस म्हणजे आपला फानूस. आणि देवघरात तेवणारी समई? तीही फारसी ‘शमा’च्या घरची, असे कोशकार सांगतात. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी मुले माझ्याकडे संशयाने बघतात. उलट ‘हंडी’ हा शब्द इथल्या मातीतला, मडक्याचा. पण मशिदीत, दर्ग्यात, वाड्यात लटकणारी काचेची हंडी विलायतेहून आली तरी तिला नाव मिळाले ते हेच. तिच्यात पाणी भरायचे, पाण्यावर खोबरेल तेलाचा थर सोडायचा, त्यात वात. तेल संपले की वात पाण्यात विझायची, काच तडकायची नाही.

आता रशिया. रशियातल्या काचेची कथा एका अशा माणसापासून सुरू करावी लागते जो कवीही होता आणि रसायनशास्त्रज्ञही : मिखाईल लोमोनोसोव. रंगीत काच कशी बनते याचे त्याने असंख्य प्रयोग केले आणि 1753 मध्ये पीटर्सबर्गजवळ उस्त-रुदित्सा इथे रंगीत काचेचा कारखाना काढला. पुढे कॅथरीन दुसरी गादीवर आली (1762 ते 1796). तिच्या काळात जुन्या ग्रीक-रोमन इमारतींच्या धर्तीवर सरळ रेषांचे, खांबांचे, मोजूनमापून बांधलेले महाल उभे राहिले. ब्रिटनहून कॅमेरॉन आला, इटलीहून क्वारेंगी. आणि या महालांसाठी झुंबराचा एक वेगळाच घाट तयार झाला. आधीच्या झुंबरांत वेलबुट्टीचा गिचमिडा असायचा. इथे सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी-कांस्याच्या सडपातळ कड्या, एकाखाली एक. त्यांच्यावरून पावसाच्या सरींसारख्या सुटलेल्या काचमण्यांच्या माळा. ओकच्या पानाच्या आकाराचे चपटे लोलक. आणि मधल्या दांडीत, सगळ्या पारदर्शक पसाऱ्याच्या गाभ्यात, गडद निळ्या किंवा माणकासारख्या लाल काचेचा एक गोळा किंवा कलश. निळा रंग कोबाल्टचा, लाल सोन्याचा. दिवे पेटले की बाकीची काच दिसेनाशी होते आणि तेवढा रंग हवेत तरंगत राहतो. वर्गमित्र कशाला फसला ते मला इथे कळले.

कॅथरीनचा सरदार पोटेमकिन याचा स्वतःचा काचेचा कारखाना होता. 1791 मध्ये तो वारला आणि कारखाना राजघराण्याकडे गेला. याच शाही कारखान्याने पुढे जी सगळ्यात अजब वस्तू बनवली ती झुंबर नव्हे, पलंग होता. अख्खा काचेचा, कारंजी असलेला, इराणच्या फतह अली शाहसाठी झारने पाठवलेला नजराणा. 1826 मध्ये तो तेहरानला पोहोचला आणि त्याच वर्षी रशिया-इराण युद्ध पेटले. 1828 च्या तुर्कमानचाय तहात इराणने येरेवान आणि नखचिवान गमावले. काचेच्या पलंगावर शाहला झोप कशी लागत असेल ते अल्लाहच जाणे.

या झुंबरांचा उजेड मात्र आपण समजतो तेवढा स्वस्तात पडत नसे. एका मोठ्या दालनात शेकडो मेणबत्त्या लागत. झुंबर साखळीने खाली घ्यायचे, वाती कापायच्या, ठिबकलेले मेण खरवडायचे, पुन्हा वर ओढायचे. खाली नाचणाऱ्यांच्या खांद्यांवर मेण पडायचे. हे सगळे करणारी माणसे बहुतेक भूदास असत आणि त्यांची नावे कुठल्याही यादीत नसत.

रशियाचा उजेड आमच्या जंगलापर्यंत खरोखर आला, पण तो झुंबरातून नाही, पत्र्याच्या डब्यातून. कॅस्पियन समुद्रकाठच्या बाकू शहरात नोबेल बंधूंनी 1879 मध्ये तेलाची कंपनी काढली, 1883 मध्ये बाकूहून काळ्या समुद्रावरच्या बातूमपर्यंत रेल्वे झाली, आणि थोड्याच वर्षांत रशियन घासलेट मुंबई बंदरात उतरू लागले. अमेरिकन तेलाशी त्याची चुरस लागली, भाव पडला, आणि मोहाच्या नाहीतर करंजीच्या तेलावर दिवा लावणाऱ्या गावांतही हळूहळू चिमणी आणि कंदील शिरले. ‘घासलेट’ म्हणजे गॅसलाइट, ‘रॉकेल’ म्हणजे रॉक ऑइल, आणि ‘चिमणी’ दिव्याच्या काचेच्या नळीवरून. तीनही शब्द इंग्रजी आणि तीनही आता अस्सल मराठी. हे बाकू मुसलमानांचे शहर. मोच्याच्या घरात जन्मलेला झैनुलआबिदीन तगीयेव तिथे तेलात कोट्यधीश झाला आणि त्याने 1901 मध्ये मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली. मला विचाराल तर त्या काळच्या रशियन साम्राज्यातला सगळ्यात देखणा दिवा तो होता.

असो. झुंबर रशियन होते का? माझ्याकडे पुरावा तीन लोलकांचा. त्यातले दोन उन्हात धरले तर कडेने एक बारीक रेघ दिसते, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण. अठराव्या शतकातला लोलक दगडी चाकावर हाताने पैलू पाडून करत, त्याच्या कडा बोटाला जाणवतील इतक्या धारदार असतात आणि कुठलेही दोन तंतोतंत सारखे नसतात. साच्यात दाबून काच करायची यंत्रे आली ती 1820 च्या दशकानंतर, अमेरिकेत. अर्थात लोलक फुटतात, नवे बसवले जातात. लोलकांवरून सगळ्या झुंबराचा निकाल देता येत नाही. पण फोटो मोठा करून बघितला तर दांडीचे भाग जोडणारे आटे आणि कड्यांवरची नक्षी अगदी एकसारखी, ओतीव दिसते. आणि निळा गोळा काही पीटर्सबर्गची मक्तेदारी राहिली नव्हती. स्वीडनमध्ये तशी झुंबरे झाली, बाल्टिक काठावर झाली, बोहेमियात तर पुढे शंभर वर्षे होत राहिली आणि बोटीत भरून कलकत्ता-मुंबईला येत राहिली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने 1840 च्या दशकातच कलकत्त्यात दुकान थाटले होते. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात चार टन काचेचे, सत्तावीस फूट उंच कारंजे मांडणारी तीच कंपनी. हिंदुस्थानातले राजे, नवाब, जमीनदार तिचे पक्के गिऱ्हाईक होते.

मग ‘रशियन’ म्हटले की भाव का चढतो? कारण ती घरे उजाड झाली. क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारला यंत्रे घ्यायला परकीय चलन हवे होते. 1928 पासून पुढची काही वर्षे महालांतले सामान बर्लिनच्या लिलावांत आणि पुढे अमेरिकेच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्येही विकले गेले. मार्जोरी मेरीवेदर पोस्ट ही अमेरिकन धनाढ्य बाई, नवरा 1937-38 मध्ये मॉस्कोत राजदूत. तिने इतके जमवले की वॉशिंग्टनमधले तिचे हिलवूड हे घर आज रशियन वस्तूंचे संग्रहालय आहे. उरले ते युद्धात गेले. पीटर्सबर्गजवळचा पाव्हलोव्स्क महाल 1941 मध्ये जर्मनांच्या ताब्यात जाण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांनी नेता येईल तेवढे पेट्यांत भरून पाठवले, पुतळे बागेत पुरले. 1944 मध्ये ते परतले तेव्हा महाल जळत होता. जुने नकाशे आणि नोंदी होत्या म्हणून तो पुन्हा उभा राहिला. 1957 पासून एकेक दालन लोकांना उघडले. नोंदी होत्या म्हणून. हे वाक्य मी माझ्या वहीत दोनदा लिहिले.

कारण झुंबराभोवती नोंदींपेक्षा दंतकथाच जास्त लटकतात. ग्वाल्हेरच्या जयविलास महालाचे उदाहरण घ्या. जयाजीराव शिंद्यांनी तो 1874 मध्ये बांधून घेतला, वास्तुरचना मायकेल फिलोज यांची. दरबार हॉलमध्ये दोन झुंबरे, प्रत्येक साडेतीन टनांचे. छताला वजन पेलेल की नाही हे बघायला वर हत्ती चढवले होते म्हणतात. कुणी आठ सांगतो, कुणी दहा. हत्तींची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. मी तिथे गेलो होतो तेव्हा आमच्यातला एकही माणूस झुंबराची काच बघत नव्हता; सगळे छताकडे बघून हत्ती मोजत होते.

इस्तंबूलची गोष्ट त्याहून बोलकी. दोल्माबाहचे महालात साडेचार टनांचे, साडेसातशे दिव्यांचे झुंबर आहे. सुलतान अब्दुलमजीद यांच्या काळात 1856 मध्ये महाल पुरा झाला. दीडशे वर्षे सगळे सांगत आले, झुंबर व्हिक्टोरिया राणीने भेट दिले. 2006 मध्ये पावती सापडली. सुलतानाने रोख पैसे मोजून ते विकत घेतले होते. एका साम्राज्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू, आणि तिची शान वाढावी म्हणून ती दुसऱ्याची खैरात ठरवून टाकली! भेट म्हटले की मान मिळतो, खरेदी म्हटली की मिळत नाही, हा रोग कुठला आहे कोण जाणे.

पावती हा शब्द डोक्यात बसला आणि मी आमच्या मुतवल्लींकडे गेलो. मशिदीच्या कपाटात जुने कागद आहेत हे ठाऊक होते. ते उर्दूत, घसरत्या शिकस्ता हातात, म्हणून कुणी वाचत नव्हते. नव्या पिढीला उर्दू येत नाही आणि ज्यांना येते त्यांचे डोळे गेलेत. चार शुक्रवार दुपारी जुम्मा झाल्यावर बसलो. चौथ्या शुक्रवारी वाळवीने कड खाल्लेली एक हिशेबवही निघाली. साल हिजरीत, मोहल्ल्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बुजुर्गाच्या जन्माच्याही आधीचे.

तिच्यात निजाम नव्हता. ‘बराए रोशनी-ए-मस्जिद’ अशा मथळ्याखाली चंद्याची यादी होती. विडीवाले, शिंपी, दोन लाकडाचे ठेकेदार, बल्लारपूरच्या कोळसा खाणीतले काही कामगार, एक टांगेवाला. कुणाचे चार आणे, कुणाचा रुपया. एका ओळीत नाव नाही, फक्त ‘एक बेवा’ आणि पुढे दोन आणे. सगळ्यात मोठी रक्कम एका हिंदू धान्य व्यापाऱ्याची. त्याखाली खर्च : कामठीहून झुंबर एक, हंड्या सहा, रेल्वेचे भाडे, हमाली, आणि शेवटी, काच फुटू नये म्हणून भरलेल्या पेंढ्याचे पैसेसुद्धा. पेंढ्याची ओळ वाचताना माझा आवाज बसला. मुतवल्ली म्हणाले, ‘मास्तर, पाणी घ्या.’

ही यादी मी पुढच्या जुम्म्याला वाचून दाखवली. काही जणांना आवडले नाही. निजामाचे झुंबर विकले याची हळहळ एका प्रकारची असते. आपल्याच पणजोबाच्या चार आण्यांचे झुंबर किलोवर गेले ही दुसऱ्या प्रकारची. एका घरात तर टांगेवाल्याच्या नावावरून ओळख पटली आणि त्या घरातला जो मुलगा गाडीत पितळ चढवायला पुढे होता तो त्या दिवशी नमाजनंतर थांबला नाही.

हे आमच्याकडेच घडते असे नाही. कैरोच्या मशिदींत मामलूक सुलतानांच्या काळातले, चौदाव्या शतकातले काचेचे दिवे होते, मिनेकारी केलेले. ज्या सूरहचे नावच ‘नूर’ आहे तिच्यातली काचेतल्या दिव्याची आयत त्यांच्यावर लिहिलेली. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या संग्राहकांना त्यांचे वेड लागले आणि कित्येक दिवे लंडन-पॅरिसला गेले. 1880 च्या दशकात तिथे जुन्या वास्तूंसाठी समिती नेमली गेली आणि उरलेले दिवे मशिदींतून काढून संग्रहालयात ठेवले. मशिदीत त्यामुळे दिवे राहिले नाहीत हे खरे, पण कैरोत राहिले.

आणि सगळे संग्राहक लुटारू नसतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी, जे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत, 1920 च्या सुमारास जुने दिवे, अडकित्ते, दरवाजे गोळा करायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांत फिरून, प्रसंगी पत्नी कमलाबाईंचे दागिने मोडून. बालपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि सगळे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. त्यांच्या संग्रहातले दिवे बघायला मी दर सहलीला मुलांना नेतो. गरिबाघरची पणती आणि श्रीमंताची समई तिथे शेजारी-शेजारी आहेत. हैदराबादच्या मीर युसूफ अली खान, तिसरे सालारजंग, यांनी उभी हयात आणि बरीचशी दौलत वस्तू जमवण्यात घातली. लग्न केले नाही. 1949 मध्ये ते गेले, 16 डिसेंबर 1951 ला पंडित नेहरूंनी संग्रहालय खुले केले. तिथली झुंबरे कुठून आली ते लिहून ठेवलेले असते.

मी व्यापाऱ्याला फोन केला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, कड्या आणि दांडी वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना गेल्या, निळा गोळा एका हॉटेलवाल्याने घेतला, हंड्यांपैकी दोन अजून आहेत. त्या मी परत घेतल्या. सांगितलेला भाव ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात नवा पंखा आला असता. बरोबरच आहे तिचे. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅट वीज तयार करते आणि मे महिन्यात आमच्या गल्लीतली जाते, तेव्हा पंखाही छताला टांगलेली हंडीच असतो.

दोन्ही हंड्या आता मशिदीच्या वुजूखान्याबाहेर टांगल्या आहेत, टांगेवाल्याच्या पणतूनेच कडी ठोकली. हिशेबवहीच्या पानांचे फोटो काढून त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करतो आहे. एकोणतीस पाने झालीत, अकरा राहिलीत. तीन लोलकांपैकी एक मी सातवीच्या वर्गात नेला. खिडकीच्या उन्हात धरला तर फळ्यावर सात रंग पडले. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘सर, हे कुणाचे आहे?’ मी वहीतली नावे वाचायला सुरुवात केली.